कानापर्यंत गेलेला हात

पब्निको, नोव्हा स्कोशिया
शनिवार, १४ मार्च

आदरणीय ओदील वहिनींस,

लिएंडर सुरेटचा सविनय नमस्कार. माझ्या खांद्याची प्रकृती उत्तम आहे. उर्वरित देहाची कोणी चौकशी करीत नाही, म्हणून तोही मौन बाळगून आहे.

आपण शेजारच्याच घरात राहता, आठवड्यातून तीनदा मला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेता, आणि तरीही मी पत्रलेखनास प्रवृत्त झालो, याचे आपणास नवल वाटेल. कारण पुढे येईल. ते शक्य तितके पुढे ढकलण्याचा माझा मानस आहे.

काल बारावे सत्र संपन्न झाले. विद्युच्चुंबकीय क्षेत्र ही मोठी विनयशील शक्ती. चाळीस मिनिटे खांद्यावर यंत्राचे कडे बसवतात, पण ना स्पर्श, ना नाद, ना ऊब.

"काही जाणवतंय का?" तंत्रज्ञ मुलीने विचारले.

"भूक," मी नित्याप्रमाणे निवेदन केले.

मग तिने हात वर करायला सांगितला, आणि तो साडेतीन महिन्यांत प्रथमच कानापर्यंत गेला. डॉक्टर म्हणाले, "खांद्याची फाटलेली कंडरा भरून येतेय. यंत्रामुळे की विश्रांतीमुळे, ते मात्र मी छातीठोकपणे नाही सांगणार."

आपण दाराशी उभ्या होतात. डोळे पुसत, यजमानांच्या आठवणीने म्हणालात, "बाझिल असता तर म्हणाला असता, लिएंडर, सोंगं पुरे, पिंजरे उचल!"

परतीच्या वाटेवर मी एकही विनोद केला नाही. "भावजी, दुखतंय का हो?" आपण विचारलेत. मी नाही म्हणालो. तेच दुखणे होते.

गावात हा खांदा पूजनीय झाला आहे. पाद्रीबाबांनी प्रवचनात त्याचा गौरव केला. आपण त्याच्यासाठी कोंबडीचा रस्सा आणता. म्हणून आता ऐका.

नोव्हेंबरातल्या त्या सोमवारी, शेवंडं पकडायचे पिंजरे समुद्रात टाकण्याच्या पहिल्या दिवशी, दोरीचा वेढा बाझिलच्या पायात पडला आणि बुडणारे पिंजरे त्याला ओढू लागले. मी त्याचा हात धरला, खांदा फाटेपर्यंत धरला. हे सारे खरे आहे.

नावेच्या मागच्या कठड्याला, म्यानात, दोरी कापण्याची सुरी असते. ती तिथून कोणी हलवीत नाही. त्या पहाटे मी तिने पाव कापला होता.

बाझिलने मोकळ्या हाताने म्यान चाचपले. "सुरी कुठंय रे?"

"तिथेच असेल, बघ नीट!" मी ओरडलो. मग त्याचा हात माझ्या हातातून सुटला.

घरी येऊन कोट उतरवला, तेव्हा ती खिशातून जमिनीवर पडली.

वहिनी, हात उचलत नव्हता तोवर मी शिक्षा भोगतो आहे असे मानून चाललो होतो. काल तो वर गेला. आता तेवढेही उरले नाही.

सुरी या पत्रासोबत आपल्या पायरीवर ठेवीत आहे. ती बाझिलच्या नावेची आहे.

सोमवारी तेरावे सत्र. नऊ वाजता मी फाटकापाशी उभा राहीन. गाडी आली नाही, तर कारण विचारणार नाही.

हे पत्र त्याच उजव्या हाताने लिहिले आहे.

'बघ नीट' म्हणणारा,
लिएंडर