एका पायावर दहा सेकंद

२ मार्च, सकाळी ८
आजपासून रोजनिशी. दुसरं कुणी वाचणार नाही, तेव्हा इथे तरी खरं लिहायचं. खरं म्हणजे मला फारसं काही झालेलं नाही. पायांच्या नसांचा जुना आजार आहे, एवढंच. मुंग्या येतात, तळवे बधिर असतात. मागच्या आठवड्यात उजवी चप्पल कधी निघाली ते न कळता फाटकापर्यंत जाऊन आलो. सौ.ने हे बहिणीला फोनवर सांगताना दोन्ही चपला निघाल्या असं सांगितलं. तिच्या माहेरी सगळेच वाढवून सांगतात.

डॉक्टर म्हणतात, गेलेल्या नसा परत येत नाहीत, पण व्यायामाने तोल सुधारतो. हे ते मला सांगतात. मी एकतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली आहे.

२ मार्च, संध्याकाळी
थेरपिस्टबाई घरी येऊन गेल्या. माझ्या शेवटच्या बॅचच्या वयाच्या असतील. आल्या आल्या दारातला गालिचा गुंडाळायला लावला. घरातसुद्धा बूट घालायचे. अंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने बघायचं. रोज संध्याकाळी तळवे आरशात तपासायचे, कारण लागलं तरी कळत नाही. मग सहा आठवड्यांचा तक्ता दिला. रोज चार गोष्टी: वीस वेळा टाचा उचलणे, जमिनीवरचा टॉवेल पायाच्या बोटांनी गोळा करणे, बोटांनी दहा गोट्या उचलून वाडग्यात टाकणे, आणि स्वयंपाकघरात ओट्याजवळ एका पायावर उभं राहणे. केलं की हिरव्या पेनने टिक. रविवारी विश्रांती.

आजचा एका पायाचा वेळ दोन सेकंद. बाई फार सावकाश मोजतात. सहा आठवड्यांनी दहा सेकंद जमले तर सरांना घरी एकटं ठेवायला हरकत नाही, म्हणाल्या.

सौ.चा चेहरा एकदम खुलला. माझ्यापायी चार वर्षांत ती धाकट्या बहिणीकडे गेलेली नाही. आठ दिवस राहून यायचं तिच्या मनात आहे. १९ एप्रिलचं तिकीट काढू का, म्हणाली. मी म्हणालो, खुशाल काढ. आठ दिवस सोबतीला दादाला बोलावू का, म्हणाली. दादा म्हणजे माझा मेव्हणा. चाळीस वर्षं ट्रकांच्या वजनकाट्यावर नोकरी केली, आता माणसांकडेही तसाच बघतो. मी म्हणालो, मला पहारेकरी नको. दहा काय, वीस सेकंद उभा राहीन. मी आता एका पायावर तयार आहे.

३ मार्च
सौ. सकाळी वाचनालयात कामाला जाते, एकला येते. मधला वेळ माझा. टाचा उचलल्या, सहा वेळा. तेवढ्यात फोन वाजला. राँग नंबर होता, पण लय बिघडली ती बिघडलीच. पहिली गोटी बोटांत येईना. दुसरी आली नि पडली. तिसरी कपाटाखाली गेली. फरशीला उतार आहे हे बाईंनी बघायला हवं होतं. टॉवेल धुतलेला होता, तो कशाला मळवा.
चारही टिका केल्या. हेतू पूर्ण होता.

५ मार्च
मोठे खेळाडू मनातल्या मनात सराव करतात. खुर्चीत डोळे मिटून टाचा उचलल्या. वीस सांगितल्या होत्या, मी तीस उचलल्या. दमून झोप लागली. सौ. आल्यावर म्हणाली, फार दमता हो तुम्ही.

८ मार्च, रविवार
नवी पद्धत: आधी टिक, मग व्यायाम. टिक केली की माणूस बांधला जातो. गंमत म्हणजे टिक केल्यावर व्यायाम झाल्यासारखाच वाटतो. आज विश्रांतीचा दिवस, तरी टिका केल्या. हात आखडता का घ्यायचा?

शाळेतली मुलं आठवली. उठाबशा काढताना आठवरून थेट पंधरावर जायची. मी कान धरायचो. अशा मुलांचं पुढे काय झालं असेल, देव जाणे.

११ मार्च
संध्याकाळी सौ. म्हणाली, मला दाखवा तरी कसं करता. करून दाखवणं आणि शिकवणं यांत फरक आहे. मी खुर्चीत बसलो, जुनी शिट्टी काढली आणि तिलाच उभं केलं. टाचा उचलायला लावल्या. बारा झाल्यावर गुडघे दुखतात म्हणाली. बहिणीचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तेव्हा तिलाही तयारी हवीच. रोज संध्याकाळी सात वाजता क्लास. शिकवण्याची हौस अजून तशीच आहे, बरं वाटलं.

१६ मार्च
सौ. एका पायावर चौदा सेकंद. माझी पद्धत लागू पडते आहे.

१८ मार्च
किरकोळ प्रकार. संध्याकाळी सौ.ने आरशात माझा उजवा तळवा बघितला तर मधोमध लाल वर्तुळ. बूट झटकला, गोटी निघाली. सकाळपासून तिच्यावर चालत होतो. सौ.चं तोंड उतरलं. मी म्हणालो, व्यायामात इतका गर्क होतो की लक्षातच आलं नाही. तिने मलम लावलं. फोड आलेला नाही. शिवाय कपाटाखालची गोटी सापडली हा फायदाच.

१९ मार्च
ही कपाटाखालची नव्हे. ती अजून तिथेच आहे. म्हणजे वाडग्यात आता नऊच. नऊ काय नि दहा काय.

२३ मार्च
थेरपिस्टबाई आल्या. तक्ता बघून थक्क. सर, रविवारीसुद्धा? मी नम्रपणे हसलो. मग त्यांनी माझी टाच तळहाताने दाबून धरली आणि उचला म्हणाल्या. उचलतच होतो. त्या म्हणाल्या, उचला. मी म्हणालो, उचलली. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. व्यायाम जरा कमी करा, थकवा येत असेल, म्हणाल्या. मी लगेच मान्य केलं. हटवादीपणा माझ्या स्वभावातच नाही.

३० मार्च
व्यायाम कमी केला. आता चारऐवजी तीनच टिका.

४ एप्रिल
सौ. ओट्यापाशी एका पायावर उभी राहून कांदा चिरते. अख्खा कांदा. गुडघे दुखायचे थांबले. बॅगसुद्धा माळ्यावरून तिनेच काढली, स्टुलावर चढून. आत बहिणीसाठी दोन चादरी आधीच भरल्यात. कामं करताना गुणगुणते. बारा वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. या घरात एक चांगला शिक्षक आहे, एवढंच लिहितो.

१० एप्रिल
परीक्षा सोमवारी. दोन दिवस जोर लावला की झालं. मुलंसुद्धा आदल्या रात्रीच अभ्यास करतात आणि पास होतात.

१२ एप्रिल
आज जोर लावणार होतो. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी स्नायूंना आराम द्यावा, हे मीच शाळेत शिकवायचो.

१३ एप्रिल
दीड सेकंद.
बाई म्हणाल्या, पुन्हा. पुन्हा दीड. सौ. मागे उभी होती, घाबरून तीही नकळत एका पायावर. बाईंनी तिच्याकडे बघितलं, तक्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग बाहेर जाऊन डॉक्टरांना फोन केला. दरवाजा नीट बंद होत नाही, त्यामुळे ऐकू आलं. म्हणाल्या, पेशंट फार सिन्सियर आहे हो, एक दिवस चुकवलेला नाही, म्हणून तर काळजी वाटते.

१४ एप्रिल
डॉक्टरांकडे. त्यांनी सहा आठवड्यांचा तक्ता टेबलावर पसरला. इतक्या नियमित व्यायामानंतरही ताकद उतरते आहे, म्हणजे आजाराचा वेग वाढला असणार. २० तारखेला पोटऱ्यांत सुया घालून तपासणी. औषध बदलावं लागेल, त्याने मळमळ होते, चालवून घ्यायची. सौ.ने विचारलं, पायांतून हातांतही जाईल का? डॉक्टर म्हणाले, जाऊ शकतं. परत येताना रिक्षात ती माझा हात धरून बसली. बोटं एकेक करून दाबून बघत होती.

मी म्हणालो, काळजी करू नकोस, मला आतून चांगलं वाटतंय. ती म्हणाली, तुम्ही नेहमी असंच म्हणता.

१५ एप्रिल
चादरी बॅगेतून बाहेर. शुक्रवारी वाचनालयातून येताना तिकीट परत करणार, म्हणाली. बहिणीला फोनवर सांगितलं की यंदा नाही जमणार, आणि मग गप्पा मारत बसली, हसून हसून, म्हणजे बहिणीला वाईट वाटू नये.

फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली. मी पाणी प्यायला उठलो. ती ओट्याला धरून एका पायावर उभी होती, सवयीने, आणि रडत होती. मला बघून तिने दुसरा पाय खाली टेकला.

मला फार वाईट वाटलं. हे इथे लिहून ठेवतो, कारण याची टिक करता येत नाही.

१६ एप्रिल
सांगायचं ठरवलं. पण कसं? तिला धक्का बसेल. धक्का बसू देणं बरं नव्हे. त्यापेक्षा दोन दिवसांत खरंच दहा सेकंद करून दाखवले तर सांगावं लागणारच नाही. उमेद आली. सकाळी साडेनऊला ओट्याजवळ उभा राहिलो. आता खोटं नाही, अजिबात नाही. पाय उचलला आणि डब्यांच्या रांगेवर जाऊन आदळलो. साखर सगळीकडे. ती गोळा करण्यात एक वाजला. सौ. आली, म्हणाली, आता ओट्याजवळसुद्धा तोल जायला लागला का? आणि बसली.
उद्या नक्की.

१७ एप्रिल, रात्री
सकाळी नऊला ती बूट घालत होती, तिकीट पर्समध्ये. सांगून टाकलं. सुरुवात हेतूपासून केली, मग मानसिक सराव, मग टिक आधी करण्याचा सिद्धान्त. तिने मध्येच विचारलं, एकही दिवस नाही? मी म्हणालो, ३ मार्चला टाचा उचलल्या होत्या. सहा.

ती एक बूट पायात, एक हातात, अशी खुर्चीत बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणजे आजार वाढलेला नाही, म्हणाली. म्हणजे तुम्ही फक्त आळशी आहात. मीही हसायला लागलो. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ती हसायची थांबली आहे आणि मी एकटाच हसतो आहे.

दुसरा बूट घालून कामाला गेली. तिकीट परत केलं नाही. संध्याकाळी चादरी पुन्हा बॅगेत भरल्या.

१८ एप्रिल
सौ.ने थेरपिस्टबाईंना फोन केला. त्या तिला म्हणाल्या, बरं झालं बाई. मग सरांना द्या म्हणाल्या. मला जे म्हणाल्या ते लिहिण्यासारखं नाही. एकतीस वर्षांत मी कुठल्या मुलाला इतकं बोललो नाही. सुयांची तपासणी पुढे ढकलली. तक्ता पहिल्यापासून. टिका बंद, आता फक्त आकडे लिहायचे. डॉक्टरांना त्याच कळवणार आहेत, शब्दांत काही मवाळपणा ठेवला तर बरं.

१९ एप्रिल
सौ. गेली. बॅग स्वतः उचलून जिना उतरली, मागे वळून न बघता. पहारेकरी आला आहे. आल्या आल्या मेव्हण्याने वाडगं पालथं करून गोट्या मोजल्या. नऊ. मला म्हणाला, तक्त्यात रोज दहा आहेत. मग झाडू घेऊन कपाटाखाली शिरला.

२० एप्रिल
टाचा: पाच. टॉवेल: अर्धा. गोट्या: शून्य. एक पाय: दीड. मेव्हणा स्टॉपवॉच घेऊन समोर बसतो. मी म्हणालो, जवळजवळ दोन झाले असतील. तो म्हणाला, काट्यावर जवळजवळ नसतं.

२२ एप्रिल
टाचा: आठ. गोट्या: एक. ती एक गोटी वाडग्यात पडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. मेव्हण्याने उठून चहा केला.

२४ एप्रिल, संध्याकाळी ७
क्लासची वेळ. शिकवायला कुणी नाही. मेव्हणा बाहेर बसला होता, मी एकटाच ओट्याजवळ गेलो, हात सोडले, मोजलं. पुन्हा मोजलं, सावकाश, बाई मोजतात तसं. तीन. तक्त्यात तीन लिहिलं.

साडेसातला सौ.चा फोन. चौथा मजला न थांबता चढली, बहीण मागे राहिली, म्हणाली. मग विचारलं, आज किती? मी सांगितलं, तीन.
 म्हणाली, तीनच ना, मग खरं असेल.