दोन छत्र्या, व्हँकुव्हरला

मेइनुंग, ३ मार्च

चि. वेनश्यांग यास, ताईचे अ. उ. आ.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते. नॉर्वेच्या बाईंना पाठवलेली कागदी छत्री काल परत आली. दारात कस्टमची ड्युटी मागितली, म्हणून त्यांनी खोकं घेतलंच नाही म्हणे. आपल्याला फसवलं असं त्यांना वाटलं. दोन महिने फिरून आलेल्या छत्रीच्या चार काड्या मोडल्यात.

आता व्हँकुव्हरहून लियाव नावाच्या गृहस्थांची मागणी आली आहे. मुलीचं लग्न १८ एप्रिलला आहे आणि आपल्या हक्का समाजाच्या रीतीप्रमाणे दोन छत्र्या आहेरात हव्यात. पण फॉर्मवर ‘भेटवस्तू’ लिहा, किंमत नावापुरती टाका, म्हणजे ड्युटी वाचेल, म्हणतात. शेजारची आचिन म्हणते, सगळे तसंच लिहितात, तुलाच कुठली आलीय एवढी टोचणी!

काय करू? ‘दुकान बंद कर’ सोडून काहीही सांग. ते तू नववर्षाच्या जेवणात सगळ्यांदेखत सांगून झालंय.

सोबत वाळवलेला मुळा आहे. बायकोलाही दे, एकटा फस्त करू नकोस.

माया आहेच, ती तुझ्याकडूनही आटू नये.
रुईचिनताई


काओश्युंग, ७ मार्च

ती. रुईचिनताईस, सा. न. वि. वि.

पत्र आणि मुळा, दोन्ही पोचले. भावजी गेल्यापासून तू एकटीच एवढ्या छत्र्या वाळायला उन्हात मांडतेस, ते बघवत नाही म्हणून तसं बोललो. पण चारचौघांत बोलायला नको होतं. चुकलो.

वीस वर्षं बंदरावर परक्यांचा माल जगभर पाठवतोय आणि घरच्या ताईला चार गोष्टी सांगायच्या राहिल्या! पोस्ट स्वस्त, पण तिकडची ड्युटी घेणाऱ्याच्या दारात वसूल होते. आधी सांगितलं नसेल तर माणूस बिथरणारच. कुरिअर महाग, पण त्यात ड्युटी आपल्याला इथूनच भरता येते. तेव्हा लियावना ती धरूनच दर सांग. विकलेल्या मालाला भेट म्हणायचं नाही. पकडलं तर छत्र्या लग्नानंतर पोचतील, आणि हरवल्या तर लिहिलेल्या किमतीएवढीच भरपाई मिळेल. नुसतं ‘छत्री’ही लिहू नकोस, बांबूच्या काड्या, तेल पाजलेला कागद, हातचं काम, सगळं लिही. खोक्याऐवजी जाड पुठ्ठ्याची नळी घे.

नाही म्हणाले तर म्हणू देत.

वयाने मोठी आहेस, तशीच मनानेही मोठी राहा.
वेनश्यांग


मेइनुंग, २३ मार्च

चि. वेनश्यांग यास, अ. उ. आ.

तू लिहिलंस तसं लियावना कळवलं. चौथ्या दिवशी त्यांचाच फोन आला, मोडक्यातोडक्या हक्का बोलीत! त्यांची आई मूळची आपल्या मेइनुंगची. तिला विचारलं तर म्हणाली, लेकीच्या आहेरावर कोणी खोटं लिहितं का? खरीच किंमत लिहा म्हणाले.

काल कुरिअरच्या ऑफिसात गेले. किमतीच्या रकान्यापाशी हात अडला, तरी खरा आकडा लिहिला. तिथल्या मुलीने विचारलं, काकू, एक शून्य जास्त पडलं का? मी म्हटलं, नाही बाळ, बरोबर आहे. तिला सांगताना मलाही प्रथमच पटलं.

पोचेपर्यंत जिवाला घोर आहे. तूही घरच्यांना जप.
रुईचिनताई


काओश्युंग, ६ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू रडलीस, म्हणून हे सविस्तर. छत्र्या तिकडच्या कस्टमने अडवल्यात, जप्त केलेल्या नाहीत. बांबूत कीड नाही ना, एवढीच खात्री त्यांना हवीय. तू सांगितलंस ते सगळं, म्हणजे बांबू महिनाभर पाण्यात ठेवतेस, मग कडक वाळवतेस, वर तुंगाच्या बियांचं तेल देतेस, इंग्रजीत करून कुरिअरमार्फत पाठवलं. आपले कागद स्वच्छ आहेत. लग्नाला बारा दिवस आहेत. नीट जेव, नाहीतर मीच येऊन शेवया भरवीन.

कळावे, आणि काळजी करू नये.
वेनश्यांग


मेइनुंग, २७ एप्रिल

चि. वेनश्यांग यास, अनेकानेक आशीर्वाद.

सुटल्या! लग्नाच्या दोन दिवस आधी पोचल्या, एकही काडी न मोडता. दारात कोणी एक पैसा मागितला नाही. लियावांचं पत्र आलंय. त्यांची आई एक्याण्णव वर्षांची, हल्ली बरेचदा घरची माणसंही ओळखत नाही. नळी उघडली, तेलाचा वास सुटला, तशी ती खुर्चीत ताठ बसली आणि विचारलं, आज ऊन चांगलंय, छत्र्या बाहेर मांडल्या का गं? मग नातीला जवळ घेऊन तिच्यावर स्वतः छत्री धरली.

पत्र दोनदा वाचलं आणि खरंच छत्र्या उन्हात मांडायला गेले.

आज जर्मनीला तीन छत्र्या गेल्या. फॉर्म मीच भरला, ड्युटीही मीच विचारून घेतली. तुला कळवलं नाही, कारण अडलंच नाही. तरी पत्र लिहीत जा. कामाशिवायही लिहिता येतं.

तुझी,
रुईचिनताई