शेजारचा हात

तीर्थरूप बाबा,
आधी चष्मा लावा, मग माझा नमस्कार घ्या.

मी मजेत आहे. जेवणही वेळेवर होतं, बहुतेक. आईचा खोकला गेला का? खरं सांगा.

घरभर दिवे बंद करत फिरणारे तुम्ही इथे हवे होतात! संशोधनासाठी मी ज्या ऑफिसात बसते, तिथे वीज वाचवायला एक यंत्र लावलंय. माणूस हलला नाही, की त्याच्या टेबलावरचा दिवा आपोआप जातो. त्यामुळे जो कामात गढला, तो अंधारात! मग शेजारचा मान वर न करता, स्वतःचं काम न थांबवता, त्याच्या दिव्याखाली हात हलवतो. हे कुणी शिकवलेलं नाही, कुणी आभारही मानत नाही. मी थक्क होऊन बघतच राहिले. यंत्राने किती वीज वाचवली ते मोजायला आलेय, पण हे हात अहवालात कुठे बसवू?

इथे माझ्याशी अजून कुणी फारसं बोलत नाही. काल वाचता वाचता माझा दिवा गेला. मी हलणार तोच शेजारून एक हात आला, हलला, परत गेला.

त्यानंतर बाबा, मी मुद्दाम हललेच नाही.

तुमची,
दिवा तसाच चालू ठेवून झोपणारी लेक