पाहिलं, म्हणून माहीत

खरवई, बदलापूर
१२ जुलै २०२५

आदरणीय राजेंद्रमामा,
सप्रेम जयभीम.

घरी सगळे ठीक. आईचा गुडघा पुन्हा धरलाय, पण "मामाला कळवू नको" म्हणाली. तुमच्यासमोर माझी जीभ अडखळते, म्हणून लिहितोय.

उल्हासनगरचा जर्मनचा क्लास चालू आहे. तो तुम्हीच लावून दिलात, विसरलेलो नाही. परवा कुमुदिनी मॅडमनी मला फुली मारली. 'त्याला माहीत आहे' याचं मी 'एर वाइस्ट' लिहिलं होतं. बरोबर 'एर वाइस'. बाकी क्रियापदांना शेवटी 'ट' लागतो, इथेच का नाही? मॅडम म्हणाल्या, "कारण हे मुळात भूतकाळाचं रूप आहे, राजा." जर्मन, इंग्रजी या सगळ्यांच्या आजीभाषेत ते *वितनँ होतं. ती भाषा कुठे लिहिलेली सापडत नाही. नातवंड-भाषांवरून अभ्यासकांनी शब्द जुळवला, म्हणून त्याच्याआधी ही चांदणीची खूण. त्याचंच रूप *वाइत. मूळ अर्थ 'मी पाहिलं आहे'. पाहिलं, म्हणून माहीत. आपल्या बुद्धवंदनेतलं 'विज्जा', म्हणजे विद्या, तेही त्याच मुळाचं.

मागून कल्पेश ओरडला, "म्हणजे न बघता माहीत आहे बोललं तर फाऊल ना, मॅडम?" सगळे हसले. मला जमलं नाही.

मामा, आपल्या कंपनीत गॅस गळला त्या दिवसापासून बबनकाका अजून ऑक्सिजनवर आहेत. गॅसचा अलार्म त्यांनीच बंद केला, असं कंपनीने शीलाकाकूंना सांगितलंय. काकूंनी मला विचारलं, "सुयोग, हे असं करतील का रे? तू होतास ना तिथे?" मी पाणी आणतो म्हणून उठलो.

तुम्ही म्हणालात, "सोमवारी चौकशीत 'माहीत नाही' बोल. दोनच शब्द आहेत. जर्मनीला जायचंय ना तुला?"

कंपनी म्हणते ते कोणीच पाहिलेलं नाही. त्याच्याआधी चांदणी हवी. मी पाहिलं ते वेगळं आहे. अलार्म सकाळपासून उगाच वाजत होता. तुम्ही वैतागून स्विच पाडलात. बबनकाका टाकीपाशी पाठमोरे होते, त्यांना कळलंही नाही. तुमच्या मनात वाईट नव्हतं, तुमचा चेहराही मी पाहिलाय. तेही सांगेन.

पण सोमवारी आधी तुम्ही आत जा, मामा. तुम्ही बोललात तर माझ्या तोंडून तुमचं नाव निघणार नाही. मी दाराबाहेर बसतो. तुमच्याआधी मला हाक आली, तर मात्र मी उठेन.

त्यानंतरही तुमचाच भाचा,
सुयोग