बाजाराच्या दिवशीची तपासणी

सिस्टर, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण जवळा बाजारच्या उपकेंद्रात गेले की अजून तुमची आठवण येते. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी तुम्ही मुद्दाम आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवायचात. हातात पिशवी असली की बाईला कुठे चाललीस म्हणून घरात कुणी विचारत नाही, हे तुम्हाला बरोबर ठाऊक होतं. त्या दिवशी आमच्या तांड्यावरच्या बाया मेथी-वांग्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बाकावर बसल्या आहेत आणि मी, तांड्याची आशा कार्यकर्ती, मोठ्या तोऱ्यात त्यांची यादी तुमच्या हातात देते आहे. तुम्ही ती वरून खाली वाचलीत. "लोकांच्या सासवा-सुना धरून आणल्यास. तुझं नाव कुठंय गं?" मी म्हणाले, "मला काय तकलीफ न्हाई, सिस्टर." "यांना तरी कुठं हाय? मग यांना रोज काय सांगून राहिलीस तू? बघ, बळजबरी न्हाई." सगळ्यांसमोर बोललात! असा राग आला तुमचा. त्या रागातच मी आत जाऊन टेबलावर झोपले.

औषध लावून तुम्ही मिनिटभर थांबलात आणि पुन्हा वाकून पाहिलंत. पांढरा डाग होता. "कॅन्सर न्हाई हा. पण तसाच ठेवला तर पुढं होऊ शकतो," म्हणालात. मी रडत सुटले. पुढच्या आठवड्यात तुम्हीच मला एसटीनं हिंगोलीला नेलंत. डॉक्टरांनी तो भाग गोठवला. पाव तासाचं काम, पण पोटात कळ आली तेव्हा मी तुमचा हात धरून ठेवला होता.

महिनाभर नवऱ्यापासून लांब राहायला सांगितलं होतं, त्यामुळे घरी सांगणं भागच पडलं. घाबरून मी सगळं तुमच्यावर ढकललं. मालक तणतणत उपकेंद्रात आले. "आमाला न इचारता काहून केलं?" मी दाराशी उभी. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत. "व्हय, मीच बळजबरी केली. काय बोलायचं ते मला बोला. हिला महिनाभर तरास देऊ नका."

नंतरच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. तुमच्यामुळे मी नातवंडं पाहिली, सिस्टर. मालक आता पाहुण्यारावळ्यांना कौतुकानं सांगतात, "त्या सिस्टरनं बळजबरी केली म्हणून ही हाय." मी मान डोलावते. बळजबरी कुणी केलीच नव्हती, हे सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.