निळ्या फितीची अट

इलोइलो,
२० जून १९९४

ती. मानांग फेलिसा हिस,
धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

सुकी मासळी पोचली. खोलीतल्या पोरांना वास लागला आणि डबा बघता बघता रिकामा झाला. नानायला मात्र सांग की मी एकट्यानेच खाल्ली, आईच्या जिवाला बरं वाटेल.

बातमी अशी की आमच्या सेवाबंधू मंडळाचा यंदा मी प्रमुख झालो. अभिनंदनाची घाई करू नकोस. जुनी मंडळी पदवी घेऊन गेली आणि एका जीपमध्ये मावतील एवढेच आम्ही उरलो. डीनसाहेबांनी बोलावून सांगितलं की सत्र संपेपर्यंत मंडळात पुरेशी माणसं टिकलेली दिसली नाहीत, तर ते यादीतून आमचं नाव कमी करतील आणि खोली बुद्धिबळवाल्यांना देतील. आमच्या आधीच्या कितीतरी जणांनी चालवलेलं मंडळ माझ्या हातून बुडालं, असं व्हायला नको गं.

कॉलेज उघडल्याबरोबर फाटकापाशी झाडाखाली टेबल मांडलं. तांदळाचा वाफवलेला गरम पुतो आणि कॉफी ठेवली. पहिल्या वर्षाची पोरं आली, पुतो हाणला, आमचं ऐकताना माना डोलावल्या आणि पसार झाली. फ्रॅटर्निटी, बंधुमंडळ, म्हटलं की त्यांच्या आयांना भरतीच्या वेळचा फळीचा मार आणि काळीनिळी मांडीच आठवते. मी घसा कोरडा करून सांगतो की आमच्यात कुणी कुणावर हात उगारत नाही. आम्ही मुलं-मुली मिळून गटारं उपसतो, वादळानंतर तांदूळ वाटतो, रक्त देतो. त्यावर एका माउलीने विचारलं की मारणार नसाल तर पोराला निळी फीत कशाला बांधता. उमेदवारीच्या सत्रात ती छातीवर लावायची आणि मग शपथ घ्यायची, एवढंच तर आहे. पण तिला पटलं नाही.

बरं, जे येतात तेही टिकत नाहीत. डोंगराकडचा नेस्तोर म्हणून एक मुलगा आहे. गेल्या वर्षी शपथ घेतली, काम जीव लावून करायचा. आता शनिवारच्या कामाला फिरकत नाही. तुझ्या वर्गात एवढी पोरं कशी बसून राहतात, ते तरी कळव.

नानाय-तातायना नमस्कार. लोभ आहे तसाच दाट राहू दे.

तुझा,
एल्पिदियो


हामतिक,
२ जुलै १९९४

चि. तोतो यास,
मानांगचे अनेक आशीर्वाद वि. वि.

प्रमुखसाहेब, पत्र पावलं. नानाय दोन दिवस घरोघर सांगत हिंडते आहे की माझा तोतो मोठा साहेब झाला. कशाचा, ते तिला कळलेलं नाही. ऐकणाऱ्यांनाही नाही.

माझी पोरं वर्गात बसतात कारण दाराला कडी आहे. तुला ती सोय नाही. पुतोसाठी आलेला पुतो संपला की जाणारच, त्यात तुझ्यात काही कमी आहे असं मनात आणू नकोस. नवीन पोरं हुडकत बसण्यापेक्षा गेलेल्यांकडे जा. त्या नेस्तोरची खोली गाठ. का येत नाहीस, असं दरडावून विचारू नकोस. बरा आहेस ना रे, एवढंच विचार. माणूस काम सोडून जातो तेव्हा बहुतेक वेळा घरी काहीतरी झालेलं असतं.

तातायच्या होडीचं इंजिन पुन्हा रुसलं आहे. नानायचा गुडघा ठणकतो, पण जिभेला काही झालेलं नाही. जेवणाची आबाळ करू नकोस. तुझा लोभ आम्हांवर आहे तो वाढवायला पत्र लवकर धाड.

तुझी,
मानांग


इलोइलो,
१४ ऑगस्ट १९९४

ती. मानांगस,
सा. न. वि. वि.

मानांग, जमलं! डोक्यावरचं ओझं उतरलं.

इथल्या इस्पितळाची रीत तुला ठाऊक आहे. रोग्याला रक्त लागलं की तेवढ्याच बाटल्या भरून द्यायला घरच्यांनी रक्तदाते आणायचे. खेड्यातली माणसं शहरात कुणाला ओळखणार? इस्पितळाच्या फाटकाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे हात जोडतात. आमच्या कॉलेजातल्या जोवेलिनच्या वडिलांची शस्त्रक्रिया अशीच अडली होती. आमच्या पोरांनी जाऊन रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणींना घेऊन फीत मागायला आली. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टेबलाशी मी सांगायला लागलो की मंडळात या, तुमच्या आईबापांवर फाटकाशी उभं राहायची पाळी येणार नाही. रांग लागली, मानांग, पुतो न ठेवता!

पण वडील घरी गेल्यावर जोवेलिन यायची बंद झाली. पोरं खवळली. म्हणाली, आमचं रक्त काय वाटेवर सांडलंय? मग बैठकीत मीच नियम मांडला: जो टिकून आहे, त्याच्याच घरच्यांना रक्त. जो गेला, त्याचा संबंध संपला. सगळ्यांनी हात वर केले. तेव्हापासून एकही फीत परत आलेली नाही. डीनसाहेबांनी पाठ थोपटली.

नेस्तोरकडे जायचं राहूनच गेलं. कामं फार आहेत. लोभ असावा आणि या वेळी थोडं कौतुकही असावं.

तुझा,
एल्पिदियो


हामतिक,
२७ ऑगस्ट १९९४

चि. तोतो यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र नानायला वाचून दाखवलं. नियमाचा भाग गाळला. का गाळला, ते तूच ओळख.

मला तुझं कौतुक करता येत नाही, रागावू नकोस. पोरं टिकली म्हणतोस. भीतीने बसलेल्याला टिकला म्हणत नाहीत रे. आपल्या आईला काही झालं तर, या धाकाने ती तुझ्या बैठकीला येतात. फळीने मारणारे निदान मारतो म्हणून सांगतात तरी. आणि फाटकाशी जी माणसं उभी आहेत, ज्यांचं पोर कॉलेजात गेलेलंच नाही, त्यांचं काय? मंडळ त्यांच्यासाठी ना होतं?

मी मास्तरीण आहे, उपदेश करायची खोड जाणार नाही. पण रात्रंदिवस हाच घोर लागून राहिला आहे. नियम मागे घे. लोभ आहे म्हणूनच बोलते.

तुझी,
मानांग


इलोइलो,
१० सप्टेंबर १९९४

ती. मानांगस,
नमस्कार वि. वि.

तिकडे समुद्राकाठी बसून बोलणं सोपं आहे. मंडळच राहिलं नाही तर रक्त कोण देणार? आम्ही मूठभर, देऊन देऊन किती देणार? आधी माणसं टिकू दे, मग सगळ्या गावाला देऊ. हे गणित तुला कळत नाही, असं मी म्हणणार नाही. तुला कळून घ्यायचं नाही.

गेल्या आठवड्यात नेस्तोर मंडळाच्या खोलीवर आला. त्याची आई इस्पितळात आहे, शस्त्रक्रियेला रक्त हवं आहे. तो आल्याबरोबर सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. नवी पोरंही होती. एकासाठी नियम वाकवला असता तर दुसऱ्या दिवशी निम्म्या फिती टेबलावर पडल्या असत्या. मी त्याला नियम सांगितला. तो वाद न घालता बरं म्हणाला आणि गेला. त्याचंही घर-गाव असेल, नातेवाईक असतील. यावर जास्त विचारू नकोस.

एल्पिदियो


हामतिक,
१६ सप्टेंबर १९९४

चि. तोतो यास,
आशीर्वाद.

बाकीचं भांडण नंतर. त्याची आई कशी आहे? हे पत्र हातात पडेल तसा उठून इस्पितळात जा. पोरांना नेऊ नकोस, बैठक घेऊ नकोस. तुझ्या अंगात रक्त आहे ना? जा.

मानांग


इलोइलो,
९ ऑक्टोबर १९९४

ती. मानांगस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळाल्याबरोबर गेलो होतो. खाट रिकामी होती. नेस्तोरने स्वतःचं रक्त दिलं होतं, बापाला वय बघून डॉक्टरांनी नको म्हटलं, बाकी माणसं जमेपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलत गेले. नर्सने हे सगळं मला सांगितलं. मी कोण, ते तिने विचारलं नाही.

नियम मी त्याच संध्याकाळी मोडीत काढला. कारणही सगळ्यांना सांगितलं. दोघातिघांनी फिती काढून ठेवल्या, उरलेले मान खाली घालून बसून राहिले. तरी सत्रअखेर डीनसाहेबांनी मोजणी केली आणि मंडळ कायम ठेवल्याचं कळवलं. मला रडू आलं. त्यांना वाटलं आनंदाने.

त्या मोजणीआधीची गोष्ट: सोबत्याची आई गेली म्हणून आम्ही सगळे गणवेश घालून डोंगरावर मयताच्या जागरणाला गेलो. रात्र जागवायला अंगणात पत्ते चालले होते, कॉफी-बिस्किटं फिरत होती. मी नेस्तोरच्या म्हाताऱ्या बापाचा हात मानाने कपाळाला लावला. त्याने माझा हात सोडलाच नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून सांगत सुटला की ही पोरं माझ्या नेस्तोरचे बंधू, सगळेच्या सगळे रक्त द्यायला आले होते, पण हिच्या नशिबी नव्हतं, एकाचंही जुळलं नाही.

हे त्याला नेस्तोरशिवाय कोण सांगणार? मी नेस्तोरकडे बघितलं. तो पेले विसळत होता. मागीलदारी गाठून म्हटलं की मी तुझ्या तातायना खरं सांगतो. त्याने माझा दंड धरला. म्हणाला, शहरात आपल्या पोराच्या पाठीशी माणसं होती, एवढंच समाधान म्हाताऱ्याजवळ उरलं आहे, ते तुझ्या मनाला हलकं वाटावं म्हणून काढून घेऊ नकोस. मग मी त्याला, इतक्या महिन्यांनी, विचारलं की शनिवारी यायचं का सोडलंस. तर दर शनिवारी तो आईला औषधपाण्यासाठी डोंगरावरून खाली आणत होता. येणं थांबलं तरी त्याने मंडळ सोडलंच नव्हतं, मानांग. आम्ही त्याला सोडलं होतं.

निघताना म्हाताऱ्याने पुन्हा हाक मारली. त्याची धाकटी मुलगी, पेर्ला, दाराआड उभी होती. पुढच्या जूनमध्ये ती कॉलेजात येते आहे. त्याने तिचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाला की हिला तुमच्या मंडळात घ्या, तिला आता आई नाही, पण तुम्ही आहात तर मला घोर नाही. सत्रभर मी ज्यासाठी जिवाचं रान केलं, ते एक माणूस आपणहून, विश्वासाने माझ्या हाती येत होतं.

मी हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. या वेळी पत्र नको, तूच ये.

तुझा,
एल्पिदियो