खांड की भगदाड

बाई,

परवा मुंबईत काही तरुण मुलांना पटकथा कशी लिहायची ते सांगायला मला बोलावलं होतं. बोलून झाल्यावर एकानं विचारलं, "मॅडम, तुम्ही हे कुणाकडे शिकलात?" मी म्हटलं, पेणच्या शाळेतल्या आमच्या मराठीच्या बाईंकडे, त्यांच्या स्वयंपाकघरात, त्या पापड लाटत असताना. पोरांना वाटलं मी विनोद करतेय. ती हसली आणि मला आला राग. तुम्ही गेलात त्याला कितीतरी वर्षं झाली, पण तुमच्यावर कुणी हसलं की माझं डोकं अजून फिरतं. तिथे नीट सांगायला वेळ नव्हता, म्हणून घरी आल्यावर तुम्हालाच लिहायला बसले आहे. शिवाय एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे, तीही आज लिहून टाकते.

खरं तर तुमच्या वर्गात आधी हसणं झालं होतं ते माझ्यावर. आठवीतला निबंध, 'मी पाहिलेला प्रसंग'. आमचं गाव धरमतरच्या खाडीकाठी, खारं पाणी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा एक बांध, बस्स. मी लिहिलं होतं, 'उधाणाच्या भरतीला बांधाला खांड गेली आणि सगळी शेतं खारी झाली.' तुम्ही ते वाक्य मोठ्यानं वाचलंत आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहून म्हणालात, "खांड म्हणजे साखर. बांधाला साखर कशी जाईल? 'भगदाड पडले' असं लिहावं." पेणच्या मुली खदखदून हसल्या. खाडीकडच्या आम्ही तिघी मान खाली घालून बसलो. तुम्हीही थोडं हसलात, ते मी पाहिलं. वहीत 'खांड'भोवती लाल गोल होता. त्या दिवशी मी ठरवून टाकलं की घरातले शब्द घरात आणि कागदावरचे कागदावर, एकमेकांना भेटवायचं नाही. पुढे शाळेत मराठीत पहिली आले ती या ठरावाच्या जोरावर, हेही कबूल करायला हवं.

नव्वद सालाच्या सुमारास मी रोह्याला एका कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट होते. दिवसभर 'कामगारांनी शिफ्ट सुटल्यावर गेटजवळ घोळका करू नये' असल्या नोटिसा बडवायच्या. एका दिवाळी अंकात माझी एक कथा छापून आली, ती मुंबईच्या एका तरुण दिग्दर्शकानं वाचली आणि तो थेट रोह्याला आला. त्याला टीव्हीसाठी तासाभराची फिल्म करायची होती. गोष्ट साधी: नवरा बार्जवर कामाला गेलेला असताना एका बाईच्या शेताचा बांध फुटतो, ती गाव गोळा करते आणि सगळे मिळून तो बुजवतात. मी पटकथा नावाची वस्तू जन्मात पाहिली नव्हती. त्यानं मला एक झेरॉक्स दिली, सोबत एका पानावर नियम. वर्तमानकाळात लिहा. जे दिसतं आणि ऐकू येतं तेच लिहा. विशेषणं नकोत, उपमा नकोत. भाषा सगळ्यांना कळेल अशी. ते पान घेऊन मी रविवारची पेणची एस. टी. पकडली, कारण मराठीतली कुठलीही अडचण तुमच्याकडे न्यायची असते हे माझ्या हाडात बसलं होतं.

तुम्हाला तेव्हा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पोह्याचे पापड लाटत होतात. म्हणालात, "वाच. माझे हात पिठाचे आहेत, काट तूच मारायचीस." पुढचे किती रविवार तसे गेले! मी वाचते आहे, लाटणं फिरतं आहे, आणि लाटणं थांबलं की मला कळतं, आता आपली धडगत नाही. पहिल्याच वाक्याला ते थांबलं. 'ती बांधावरून चालते.' "रोज चालते की आज चालते? मराठीत 'चालते' म्हटलं की सवय वाटते. 'सरकारी ऑफिसात सगळं चालते' तसं." मी म्हटलं, मग 'चालत आहे' लिहू? तुम्ही तोंड वाकडं केलंत. "ते बातमीसारखं लागतं." पाऊण तास आपण त्या एका क्रियापदावर भांडलो आणि शेवटी 'चालत येते' ठरलं. 'करुण नजरेनं पाहते' हे ऐकल्यावर तुम्ही म्हणालात, "करून दाखव." मी डोळे बारीक करून, मान वाकडी करून दाखवलं. तुम्ही इतक्या हसलात की पापड पोळपाटावरच फाटला. "पोट दुखतंय असं वाटतं गं. काढ ते." काढलं. नियमांचा तो कागद माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त आवडला होता. तीस वर्षं मुलींना विशेषणं लावायला शिकवलं आणि आता काढायला शिकवतेय, असं म्हणून तुम्ही स्वतःवरच खूश व्हायचात.

आणि मग तो रविवार. मी बांध फुटण्याचा प्रसंग वाचत होते. नायिका धावत गावात येते आणि ओरडते, 'बांधाला भगदाड पडलं आहे, चला!' लाटणं थांबलं. मी वाट पाहत राहिले की आता 'आहे' काढायला सांगणार. तुम्ही विचारलंत, "तुझी आई असं म्हणेल?" मी म्हटलं, नाही. "मग काय म्हणेल?" मी पुढचं पान उलटायला लागले. "अगं, विचारतेय मी." मी म्हटलं, 'खांड गेली' म्हणेल. "मग तसं का नाही लिहिलंस?" बाई, मला त्या क्षणी हसू आलं आणि रडूही आलं. मी म्हटलं, तुम्हीच शिकवलंत. खांड म्हणजे साखर. तुम्हाला पहिल्यांदा आठवेना, मग आठवलं असावं, कारण तुम्ही हात धुवायला उठलात आणि उगाचच बराच वेळ धूत राहिलात. परत आल्यावर म्हणालात, "पेणमध्ये इतकी वर्षं काढली. हा शब्द कानावरून गेला नसेल असं नाही. पण तो लिहायचा शब्द वाटला नाही मला. चूक झाली." एका विद्यार्थिनीपुढे 'चूक झाली' म्हणणाऱ्या मास्तरीणबाई मी तोवर पाहिल्या नव्हत्या आणि नंतरही फार पाहिल्या नाहीत. पुढच्या रविवारी तुम्ही म्हणालात, मला तुमच्या गावी ने.

आयेनं तुमच्यासाठी खुर्ची शेजारून मागून आणली होती. तुम्ही बसलात ओटीवर, तिच्या शेजारी. वही उघडलीत आणि विचारलंत, खांड आणि भगदाड यात फरक काय? आये आधी माझ्याकडे बघायला लागली, ही कसली परीक्षा म्हणून. मग म्हणाली, "भगदाड भिंतीला पडतो, बाय. तो पडला का पडला, उद्या बुजव नायतर चार दिसांनी. खांडीचा तसा नाय. भरतीचा पानी आत येतो, ओहोटीला परत जातो, आनि जाताना माती घेऊन जातो. दर फेरीला खांड मोठी व्हते. म्हनून ओहोटी लागली का उतरायचा नि भरती यायच्या आत बुजवायची. नाय बुजवली तर शेत गेला." तुम्ही लिहायचं थांबवून नुसत्या ऐकत बसलात. परतीच्या एस. टी.त म्हणालात, "तुझ्या आईनं एका शब्दात सगळी फिल्म सांगितली. भगदाड बुजवायला सवड असते. खांडीला नसते. ती बाई धावते का, हे 'भगदाड' लिहिलं तर कुणाला कळणारच नाही." आणि मग, वडखळ यायच्या आत, तुम्ही तो दुसरा शोध लावलात. पटकथेत प्रत्येक दृश्याच्या डोक्यावर 'बाहेर, दिवस' नाहीतर 'बाहेर, रात्र' लिहायचं असतं. तुम्ही म्हणालात, "या गोष्टीत दिवस-रात्रीला कोण विचारतं? 'बाहेर, ओहोटी' असं लिही." रोह्याला जाऊन मी ते टाइप केलं आणि त्या दोन शब्दांकडे बघत बसले. आजवर मी पुष्कळ लिहिलं, बाई, पण इतकं चोख मला एकटीला कधी सुचलं नाही.

दिग्दर्शकाला 'बाहेर, ओहोटी' आवडलं, खांड मात्र घशाखाली उतरेना. मुंबई-पुण्याचा प्रेक्षक साखर समजेल, असंच त्याचंही म्हणणं. वडखळच्या नाक्यावर एका हॉटेलात आपण तिघं भेटलो. माझ्या मनात होतं, जाऊ दे, एका शब्दासाठी फिल्म घालवायची का? तसं मी तुम्हाला बाहेर हळूच म्हटलंही. तुम्ही ऐकून घेतलंत आणि आत जाऊन त्याला विचारलंत, "तुमचा नियम काय आहे? जे दिसतं तेच लिहायचं, ना?" तो म्हणाला, हो. "मग दिसतंय की! बांध फुटलाय, पाणी आत शिरतंय, बाई ओरडतेय 'खांड गेली'. हे बघून ज्याला साखर आठवेल, त्याच्यासाठी फिल्म कशाला काढता? त्याला चहा पाजा." तो आधी बघतच राहिला, मग मोठ्यानं हसला, आणि त्यानं आपल्या प्रतीवर स्वतःच्या हातानं 'भगदाड' खोडून 'खांड' लिहिलं. माझी छाती त्या दिवशी इतकी फुगली होती की रोह्यापर्यंत एस. टी.त उभी राहून गेले तरी पाय दुखले नाहीत.

शूटिंगच्या वेळी तुम्हाला डॉक्टरांनी घराबाहेर पडायला बंदी केली होती. दम लागायचा. मी शूटिंगला निघाले तेव्हा मला जवळ बसवून म्हणालात, "तिथे सगळे घाईत असतील. कुणीतरी तो शब्द बदलेल. मी नसेन, तू बोलायचंस. आठवीत गप्प बसलीस ते माझ्यामुळे. आता बसलीस तर ते तुझ्यामुळे." मी मोठ्या तोंडानं हो म्हटलं.

अगदी तसंच झालं. खाडीवरच्या एका जुन्या, न बुजवलेल्या खांडीपाशी कॅमेरा लावला होता. आमच्या गावच्या बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या, त्यांत आये. मुंबईहून आलेली नटी गुणी होती, पण तिच्या तोंडातून निघालं, "भगदाड पडलं, चला!" दिग्दर्शकानं मान डोलावली. भरती लागत होती, पाणी घोट्याला आलं होतं, सगळ्यांना आटपायचं होतं. मी कॅमेऱ्यापासून चार पावलांवर, पटकथा छातीशी धरून. बाई, माझं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. आणि तेवढ्यात टोपल्यांच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "भगदाड नाय गो बाय! खांड! खांड गेली बोल!" आवाज टिपणाऱ्या माणसानं कानावरचं यंत्रच काढून ठेवलं. सगळे हसायला लागले. ती नटी पाण्यातून आयेजवळ गेली, तिच्याकडून दोनतीनदा म्हणून घेतलं, आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून ते दृश्य पुन्हा झालं. फिल्ममध्ये आहे ते तेच.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आले. तुम्ही उशीला टेकून बसला होतात आणि मी आत पाऊल टाकायच्या आत विचारलंत, "बोललीस?" मी म्हटलं, बोलले. शूटिंग थांबवलं. तुम्ही शेजारच्या काकूंना खिडकीतून हाक मारून सांगितलंत, "ऐकलंत का, आमच्या मुलीनं एवढं मोठं शूटिंग एका शब्दासाठी थांबवलं!" तुमचा चेहरा असा काही उजळला होता की मला पुढचं सांगवेना. फिल्म टीव्हीवर लागली तेव्हा तुमच्या खोलीत आळीतले वीस-पंचवीस जण होते. तो शब्द आल्यावर तुम्ही टाळी वाजवलीत. आयेलाही मी मुद्दाम पेणला आणलं होतं. तुम्ही तिचा हात धरून म्हणालात, "तुमची मुलगी तिथे उभी राहून ठाम बोलली, म्हणून हा शब्द राहिला." मी जमिनीकडे बघत होते. आयेनं एकदा माझ्याकडे पाहिलं, फक्त एकदा, आणि तुम्हाला म्हणाली, "व्हय बाय. आमची पोर हायच तशी."

वाटेत ती त्यावर एक अक्षर बोलली नाही, नंतरही कधी नाही. त्याच वर्षी तुम्ही गेलात. तुम्ही खिडकीतून जिचं कौतुक केलंत ती मुलगी व्हायला मला पुढची बरीच वर्षं लागली, पण झाले, बाई. आता एका शब्दासाठी मी भल्याभल्यांशी भांडते आणि लोक मला हट्टी म्हणतात, तेव्हा बरं वाटतं. तेवढं मात्र आज लिहून ठेवते, तुम्हाला वाचता येणार नाही म्हणूनच धीर होतोय: त्या दिवशी पाण्यात उभी राहून बोलली ती मी नव्हते. ती आये होती.